गच्चीवरून ग्रहदर्शन आणि ग्रहांचे फोटो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी सहा इंची डोबसोनियन (साध्या लाकडी बैठकीवर फिरणारी आरशाची दुर्बीण) लावते. ती लावली की माणसं येतात, बघतात आणि घरी गेल्यावर मेसेज पाठवतात. त्या मेसेजमधले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे अगदी नवख्यांसाठी आहेत, फोटो काढणाऱ्यांचे प्रश्न क्र. १२ पासून पुढे आहेत.

१. ग्रह बघायला शहराबाहेर, अंधारात जावंच लागतं का?

नाही. शुक्र, गुरू, शनी आणि मंगळ इतके तेजस्वी असतात की रस्त्यावरचे दिवे किंवा पौर्णिमेचं चांदणं त्यांना झाकू शकत नाही. अंधार लागतो तो तेजोमेघ आणि दीर्घिका बघायला. ग्रहांना लागते स्थिर हवा (प्रश्न ६). म्हणून फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आकाशनिरीक्षणाची सुरुवात ग्रहांपासून करावी, असं मी सगळ्यांना सांगते.

२. पहिली दुर्बीण कोणती घ्यावी?

आरसा किंवा भिंग किती मोठं आहे आणि स्टँड किती घट्ट आहे, या दोनच गोष्टी आधी बघा. माझं मत विचाराल तर सहा इंची (१५० मिमी), १२०० मिमी नाभीय अंतराची (आरशापासून प्रतिमा तयार होते तिथपर्यंतचं अंतर) डोबसोनियन. लाकडी बैठक, मोटार नाही, बिघडण्यासारखं काही नाही. ही उचलून गच्चीवर नेणं शक्य नसेल तर ७०-८० मिमीची भिंगाची दुर्बीणही गुरूचे चंद्र आणि शनीची कडी दाखवते.

खोक्यावर ‘६७५ पट’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं असेल तर ती दुर्बीण घेऊ नका. ‘नाभीय अंतर १००० मिमी’ लिहिलंय आणि नळी मात्र जेमतेम अर्धा मीटर, अशा आरशाच्या स्वस्त दुर्बिणीही टाळा. त्यांच्या फोकसरमध्ये (प्रतिमा स्पष्ट करायला पुढे-मागे सरकवतात त्या नळीत) आधीच एक भिंग बसवलेलं असतं, त्यामुळे त्यांचे आरसे जुळवणं नवख्याला फार जड जातं.

विकत घेण्याआधी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून एकदा बघाच. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून, तर मुंबईचं खगोल मंडळ १९८५ पासून लोकांना आकाश दाखवण्याचं काम करतंय. अशा संस्थांच्या कार्यक्रमाला गेलात तर एका रात्रीत तीन-चार प्रकारच्या दुर्बिणी हाताळायला मिळतात.

३. किती पट मोठं करून बघावं?

दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या (डोळा लावतो त्या भिंगाच्या) नाभीय अंतराने भागा. १२०० मिमीची दुर्बीण आणि १० मिमीचं आयपीस, म्हणजे १२० पट. कमाल मर्यादा साधारणपणे व्यासाच्या मिलिमीटरच्या दुप्पट, म्हणजे १५० मिमीला ३०० पट. पण आपल्याकडच्या बहुतेक रात्री हवा १५०-१८० पटींच्या पुढे जाऊ देत नाही. त्याच्या वर प्रतिमा मोठी होते, पण तपशील तेवढाच राहतो आणि तोही पुसट.

चार-पाच दिवस नुसतं २५ मिमीच्या आयपीसने बघा. तेवढ्यानेच गुरू, नुसत्या डोळ्यांना चंद्र दिसतो त्याच्याएवढा दिसतो.

४. दुर्बिणीतून गुरू म्हणजे नुसता पांढरा गोळा दिसतो. दुर्बिणीत दोष आहे का?

बहुधा नाही. डोळ्याला वेळ द्यायला हवा. पहिल्या मिनिटाला गोळा दिसतो, मग विषुववृत्ताच्या दोन बाजूंचे दोन तपकिरी पट्टे. पंधरा-वीस मिनिटं स्टुलावर बसून बघत राहिलात की हवा क्षणभर थांबते आणि पट्ट्याची कड सरळ नसून दातेरी आहे हे लक्षात येतं. पुन्हा सगळं पाण्याखाली गेल्यासारखं हलायला लागतं. असे क्षण वेचत बसणं म्हणजेच ग्रहनिरीक्षण.

एका जानेवारीत मी आयो या गुरूच्या चंद्राची सावली गुरूवरून जाताना पाहिली. सुरुवातीला काहीच दिसेना. मग कडेजवळ टाकाच्या टोकाने टेकवल्यासारखा एक काळाभोर ठिपका दिसला आणि तासाभरात तो पट्ट्यावरून मध्यापर्यंत सरकला. चार मोठ्या चंद्रांच्या जागा तर रोज बदलतात. आयो पावणेदोन दिवसांत फेरी मारतो, कॅलिस्टोला जवळजवळ सतरा दिवस लागतात. वहीत रोज गुरूचा एक गोल आणि चार टिंबं काढत जा. गॅलिलिओनेही जानेवारी १६१० मध्ये असंच टिपण करून ते चंद्र असल्याचं ओळखलं. कागदावर काढायला घेतलं की डोळ्याला जास्त दिसतं, हा माझा अनुभव आहे.

वीस मिनिटांनंतरही पट्टे दिसत नसतील तर प्रश्न ६ वाचा आणि आरसे जुळलेले आहेत का ते बघा. एखादा तेजस्वी तारा मुद्दाम थोडा फोकसबाहेर न्या. प्रकाशाच्या कड्यामधलं काळं भोक बरोबर मधोमध हवं.

५. चष्मा लावून बघायचं की काढून?

जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर काढून. फोकस फिरवला की नंबर भरून निघतो. सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर चष्मा ठेवा.

६. आकाश लख्ख निरभ्र असूनही प्रतिमा थरथरते. असं का?

निरभ्र आकाश वेगळं आणि स्थिर हवा वेगळी. वेगवेगळ्या तापमानाचे हवेचे थर एकमेकांत मिसळतात तेव्हा त्यांतून येणारा प्रकाश सतत वाकतो. त्याचमुळे तारे लुकलुकतात. डोक्यावरचे तारेही जोरात लुकलुकत असतील तर ती रात्र ग्रहांची नाही. उलट जरा धुरकट, वारा पडलेली, चांदण्या कमी दिसणारी रात्र अनेकदा अप्रतिम निघते. नवख्यांना हे पटत नाही आणि नेमकी हीच रात्र ते सोडून देतात.

वरच्या हवेवर आपला इलाज नाही, पण निम्मी थरथर आपल्या आसपासचीच असते. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकरा-बारापर्यंत उष्णता सोडत राहतो. चैत्र-वैशाखात तर अनवाणी पाय ठेवला की कळतं. संध्याकाळी स्लॅबवर पाणी मारून घ्या, दुर्बिणीखाली गोणपाट टाका, शक्य असेल तर खाली मातीवर किंवा गवतावर लावा. शेजारच्या इमारतीच्या एसीच्या बाहेरच्या युनिटांवरून ग्रह दिसत असेल तर अर्धा तास थांबा, तो पुढे सरकेल. दुर्बीण घरातून आणल्या आणल्या बघू नका. आरसा बाहेरच्या हवेइतका गार व्हायला निदान पाऊण तास द्या.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ग्रह वर चढू द्या. क्षितिजाजवळ असताना त्याचा प्रकाश हवेच्या कितीतरी जाड थरातून येतो. इथे आपण नशीबवान आहोत. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. २०१९-२० मध्ये गुरू धनु तारकासमूहात होता तेव्हा लंडनहून तो जेमतेम १५ अंश वर येत होता. आपल्याला तोच ४८ अंशांवर मिळत होता.

७. बाल्कनीतून किंवा खिडकीतून बघितलं तर?

उघड्या बाल्कनीतून चालतं. खिडकीच्या काचेतून मात्र नाही, ती काच दुर्बिणीच्या भिंगासारखी घासलेली नसते. खिडकी उघडलीत तर घरातली ऊब बाहेर पडताना प्रतिमा हलवते, म्हणून खोलीतला एसी किंवा पंखा आधीच बंद करून अर्धा तास जाऊ द्या.

८. कोणता ग्रह कधी चांगला दिसतो?

बाहेरचे (पृथ्वीपलीकडचे) ग्रह प्रतियुतीच्या आसपास बघावेत. तेव्हा ते सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असतात, रात्रभर दिसतात आणि सर्वांत मोठेही असतात. गुरूची प्रतियुती साधारण तेरा महिन्यांनी येते, शनीची एक वर्ष आणि दोन आठवड्यांनी, मंगळाची सव्वीस महिन्यांनी. शनीची प्रतियुती ४ ऑक्टोबर २०२६ ला आहे, म्हणजे पाऊस ओसरताना. २०२७ चा फेब्रुवारी तर चुकवू नये. गुरू आणि मंगळ दोघांचीही प्रतियुती त्या महिन्यात, दोघंही सिंह तारकासमूहात, आणि महाराष्ट्रातून मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर.

मंगळाबद्दल एक सूचना. त्या वेळी तो १४ विकलांच्या आतच असेल (एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला). ऑगस्ट २००३ मध्ये तो २५ विकलांचा होता. तेवढ्याच्या जवळपास जाणारी पुढची संधी सप्टेंबर २०३५ ची, आणि तेव्हा आपल्याकडे पाऊस असू शकतो. तर २०२७ ला लहान म्हणून नाकारू नका. ध्रुवावरची पांढरी टोपी आणि गडद भाग सहा इंचीतून दिसायला हवेत. दर ऑगस्टमध्ये ‘मंगळ चंद्राएवढा दिसणार’ असा मेसेज फिरतो, तो खोटा आहे. मंगळ तेवढा कधीच दिसत नाही.

९. शनीची कडी गेली कुठे? फोटोत तर केवढी मोठी असते.

कडी आहे तिथेच आहे, आपण तिच्याकडे कडेने बघतोय. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात आणि तेवढ्या काळात दोनदा कडी आपल्या नजरेच्या रेषेत येते. कडी अडीच लाख किलोमीटरहून जास्त रुंद असली, तरी बहुतेक ठिकाणी तिची जाडी शंभर मीटरच्याही आत आहे. त्यामुळे कडेने बघताना ती उरतच नाही. हे २३ मार्च २०२५ ला झालं. आता कड्यांची दक्षिण बाजू हळूहळू उघडत जाईल, २०३२ च्या आसपास ती सर्वांत रुंद दिसेल आणि २०३८ मध्ये पुन्हा मिटेल. कॅसिनीची फट (कड्यांमधली काळी रेघ) सध्या दिसत नसेल तर दुर्बिणीला दोष देऊ नका. काही वर्षांनी ती सहज दिसेल.

१०. साडेसाती चालू आहे. दुर्बिणीतून शनी बघितला तर चालतो का?

हा प्रश्न दर वर्षी येतो आणि विचारणारी माणसं खरोखर धास्तावलेली असतात, म्हणून नीट उत्तर देते. चालतो, जरूर बघा. शनी बारा राशी साडेएकोणतीस वर्षांत ओलांडतो, म्हणजे एका राशीत सरासरी अडीच वर्षं. तीन राशींची साडेसात वर्षं, तीच साडेसाती. तुमच्या डोळ्यात येणारा प्रकाश प्रतियुतीच्या वेळीसुद्धा तिकडून सव्वा तास आधी निघालेला असतो. त्याने कुणाचं बरं-वाईट होत नाही.

आमच्या सोसायटीतल्या एक आजी तीन रविवार नको नको म्हणत होत्या. चौथ्या रविवारी नातवाचा हात धरून आल्या. आयपीसला डोळा लावला, मग नळीच्या तोंडाशी जाऊन आत कुणी चित्र चिकटवलंय का ते बघितलं आणि पुन्हा येऊन पाच मिनिटं बघत राहिल्या.

११. शुक्र दिवसा दिसतो म्हणतात. बघू का? आणि बुध?

शुक्र दिवसा दिसतो, पण सूर्य इमारतीच्या किंवा भिंतीच्या पूर्ण आड असेल तरच दुर्बीण लावा, आणि लहान मुलं आसपास असतील तर लावूच नका. सूर्य क्षणभर जरी नजरेच्या टप्प्यात आला तरी डोळा कायमचा जाऊ शकतो. जुन्या दुर्बिणींसोबत आयपीसला बसवायची काळी ‘सन’ काच मिळायची. ती उष्णतेने तडकते, सापडली तर फेकून द्या.

संध्याकाळी सूर्य पूर्ण मावळल्यावर, आकाश अजून निळं असताना शुक्र सर्वांत सुंदर दिसतो. अंधारात त्याची चकाकी डोळ्याला सहन होत नाही. त्यावर डाग-पट्टे दिसत नाहीत, पण चंद्रासारख्या कला दिसतात. बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे कधीच जात नाही, त्यामुळे तो नेहमी क्षितिजाजवळच्या थरथरत्या हवेत सापडतो. बघितल्याचं समाधान घ्यावं, तपशिलाची अपेक्षा ठेवू नये. युरेनसचंही तसंच. जेमतेम पावणेचार विकलांची हिरवट टिकली. तरी तो शोधाच. आपल्या पंचांगांत ज्याला ‘हर्षल’ म्हणतात तो हाच, आणि विल्यम हर्शेलने तो १३ मार्च १७८१ ला इंग्लंडमधल्या बाथ गावी, स्वतःच्या घराच्या परसातून, स्वतः घासलेल्या सव्वासहा इंची आरशातून पहिल्यांदा ओळखला. आज तुमच्या गच्चीवर आहे तेवढाच आरसा.

१२. मोबाइलने फोटो काढता येतो का?

येतो, पण फोटो काढू नका, व्हिडिओ घ्या (कारण प्रश्न १५ मध्ये). आयपीसला मोबाइल धरून ठेवणारा होल्डर लागेल. हाताने धरून जमत नाही. सर्वांत मोठी चूक म्हणजे जास्त उजेड. स्क्रीनवर ग्रहावर बोट दाबून ठेवा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा आणि उजेड इतका खाली आणा की गुरू करडा दिसेल. पांढराफटक गुरू नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने सुधारत नाही. गुरूचे चंद्र आणि पट्टे एकाच एक्स्पोजरमध्ये यायचे नाहीत, दोन वेगळे व्हिडिओ घ्या.

१३. खास कॅमेरा घ्यायचा तर कोणता? आणि बार्लो (प्रतिमा मोठी करणारी भिंगाची नळी) किती पटीची?

ग्रहांसाठी छोट्या सेन्सरचा, लॅपटॉपला यूएसबी ३ ने जोडायचा, सेकंदाला शंभराच्या आसपास फ्रेम देणारा रंगीत कॅमेरा पुरतो. महागडा डीएसएलआर इथे फारसा कामाचा नाही.

बार्लोसाठी सोपा हिशोब : कॅमेऱ्याच्या पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या आणि पाचाने गुणा. २.९ चा पिक्सेल असेल तर एफ/१४.५ (नाभीय अंतर भागिले व्यास). माझी दुर्बीण एफ/८, म्हणजे दुप्पट बार्लोने एफ/१६, अगदी जवळ. पाचपट बार्लो लावून ग्रह मोठा करण्याचा मोह होतो. पण प्रतिमा अंधूक होते, एक्स्पोजर वाढवावं लागतं आणि हवेची थरथर फोटोत उतरते.

१४. माझ्या डोबसोनियनला मोटार नाही. ग्रह तर भराभर सरकतो. मग व्हिडिओ कसा घ्यायचा?

सरकू द्या. पृथ्वीच्या फिरण्याने ग्रह सेकंदाला १५ विकला सरकतो. दुप्पट बार्लोने होणाऱ्या २४०० मिमी नाभीय अंतरावर ५.६ मिमी रुंदीचा सेन्सर सुमारे ८ कलांचं आकाश टिपतो, म्हणजे या कडेपासून त्या कडेपर्यंत ग्रहाला अर्धा मिनिट मिळतं. ग्रह एका कडेला ठेवा, हात काढा, हादरा थांबू द्या आणि रेकॉर्ड करा. असे चार-पाच व्हिडिओ घ्या. ‘पिप’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममध्ये ग्रह मधोमध आणून देतं. शोधक दुर्बीण (मुख्य नळीवरची छोटी दुर्बीण) आधी लांबच्या टॉवरवर नीट जुळवून घ्या, नाहीतर निम्मी रात्र ग्रह शोधण्यात जाईल.

एक अडचण : ग्रह अगदी डोक्यावर असताना डोबसोनियन आडवी फिरवणं अवघड जातं. आपल्याकडे हे वारंवार होतं. तास-दीड तास आधी किंवा नंतर काम करा.

१५. व्हिडिओपासून फोटो कसा बनवतात? आणि व्हिडिओ किती लांब असावा?

हजारो फ्रेममधल्या काही, हवा थांबलेल्या क्षणी टिपलेल्या असतात. डोळा ज्या क्षणांची वाट बघतो तेच क्षण इथे सॉफ्टवेअर निवडतं. शार्पकॅप किंवा फायरकॅप्चरने रेकॉर्ड करा, ऑटोस्टॅकर्टमध्ये चांगल्या १०-२५ टक्के फ्रेम एकावर एक रचा, मग रजिस्टॅक्समधल्या वेव्हलेट्स या सोयीने तपशिलाला धार आणा. ही सगळी मोफत वापरता येतात. फोकससाठी ग्रहाकडे न बघता त्याच्या चंद्राकडे बघा, तो बारीकात बारीक टिंब झाला की फोकस बरोबर.

लांबीचं बंधन ग्रह स्वतःभोवती फिरतो म्हणून येतं. गुरू दहा तासांच्या आत एक फेरी पूर्ण करतो, त्यामुळे मोठा असताना त्याच्या मध्यावरचा डाग मिनिटाला साधारण पाव विकला सरकतो. सहा इंची दुर्बीण पाऊण विकलेपर्यंतचाच तपशील वेगळा दाखवू शकते. म्हणून दोन मिनिटं सुरक्षित. मोठ्या दुर्बिणीला वेळ कमी, किंवा मग विनजुपोस या सॉफ्टवेअरने ग्रहाचं फिरणं भरून काढायचं. मंगळ चोवीस तासांहून थोडा जास्त वेळ घेतो, तिथे चार-पाच मिनिटंही चालतात. शनीवर टिपण्यासारखे डाग क्वचितच असतात, तिथे आणखी सैल.

१६. फोटोत ग्रहाची एक कड निळी आणि दुसरी तांबडी येते.

ग्रह खाली आहे. हवा लोलकासारखं काम करून रंग वेगळे करते. ऑटोस्टॅकर्ट किंवा रजिस्टॅक्समध्ये लाल, हिरवा, निळा एकमेकांवर बसवता येतात. तरीही उत्तम उपाय म्हणजे थांबणं (प्रश्न ६ चा शेवट).

१७. माझ्या फोटोत गुरूवर काळा ठिपका आणि मंगळाच्या कडेला आत एक रेघ आली आहे. काही नवीन सापडलं का?

ठिपका आधी चंद्राची सावली आहे का ते स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेळ टाकून बघा. तिथे तुलना करताना लक्षात ठेवा, डोबसोनियन प्रतिमा उलटी करते आणि भिंगाच्या दुर्बिणीतला डायगोनल (प्रतिमा वळवणारा आरसा) तिची आरशातली बाजू दाखवतो. सावली नसेल तर मूळ व्हिडिओ बघा. ग्रह सरकला तरी ठिपका फ्रेममध्ये एकाच जागी राहत असेल तर ती सेन्सरवरची धूळ. ग्रहाबरोबर सरकत असेल तर लगेच दुसरा व्हिडिओ घ्या आणि एखाद्या अनुभवी माणसाला दाखवा. कडेची रेघ मात्र जास्त धार लावल्याची खूण आहे. वेव्हलेट्स कमी करा.

१८. इक्वेटोरियल माउंट (अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखून ग्रहामागे फिरवायचं स्टँड) घेतलं, पण ध्रुवतारा दिसतच नाही.

आपल्याकडे तो जेमतेम १६-२२ अंशांवर असतो, शहरात कुठल्यातरी इमारतीआड जातो. ग्रहांच्या दोन मिनिटांच्या व्हिडिओसाठी होकायंत्राने उत्तर धरा आणि माउंटच्या पट्टीवर गावाचा अक्षांश लावा, पुरतं. काही माउंट एवढ्या कमी अक्षांशाला नीट खाली येत नाहीत किंवा वजनाचा दांडा स्टँडच्या पायाला लागतो. घेण्याआधी दुकानात लावून बघा.

१९. पावसाळ्यात दुर्बीण कशी ठेवायची?

एका जुलैत मी आयपीसची पेटी लाकडी कपाटात बंद करून ठेवली. सप्टेंबरात काढली तेव्हा २५ मिमीच्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरले होते. ती बुरशी. ती काचेवरचा थर खाते आणि डाग राहतोच. तेव्हापासून आयपीस हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबत. जेल रंग बदलल्यावर सुकवायचं. नळीला प्लॅस्टिक गुंडाळू नका, ओल आत कोंडते. सुती कापड घाला आणि कोरडं ऊन पडेल त्या दिवशी खोलीच्या खिडक्या उघडून, उन्हापासून लांब, झाकण काढून ठेवा. आरशावर थोडी धूळ असली तरी पुसू नका. पुसल्याने पडणारे ओरखडे धुळीपेक्षा वाईट.

२०. मोठ्या वेधशाळांचे इतके फोटो असताना आपल्या फोटोंचा काही उपयोग आहे का?

आहे. मोठ्या दुर्बिणी रोज गुरूकडे बघत नाहीत, आपण बघू शकतो. फिलिपिन्समधल्या सेबू शहरातून ख्रिस्तोफर गो या हौशी निरीक्षकाने फेब्रुवारी २००६ मध्ये गुरूवरचा एक पांढरा डाग तांबडा झाल्याचं पहिल्यांदा टिपलं. जुलै २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात अँथनी वेस्लीने घरच्या साडेचौदा इंची दुर्बिणीतून गुरूवरची नवी धडकेची खूण पकडली. सेबू तर आपल्यासारखंच, विषुववृत्ताजवळचं आणि पावसाचं.

फोटो उपयोगी व्हायचा तर वेळ अचूक हवी. लॅपटॉपचं घड्याळ इंटरनेटवरून लावून घ्या आणि फाइलच्या नावात जागतिक वेळ लिहा, भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून. रात्री ११:१० ला घेतलेला व्हिडिओ म्हणजे १७:४०. मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंतच्या व्हिडिओला आदल्या दिवसाची तारीख येते, तिथे बहुतेकांची चूक होते.